भरतीच्या आधी बंद केलेली गोळी

गेल्या रमजानच्या थोडं आधी आम्हाला एका वाचक भगिनीचं पत्र आलं. शाळेच्या वहीतून फाडलेली चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं. शेवटी दोन प्रश्न होते. "पोराला आम्हीच खोटं बोलायला तयार केलं, तर गुन्हा त्याचा की आमचा? आणि खरं बोलायचं ठरवलं असतं, तर त्याच्या आयुष्याचं काय झालं असतं?"

अशा प्रश्नांना पत्रानं उत्तर देता येत नाही. आम्ही एसटी धरली आणि त्यांच्या घरी गेलो. त्या कुटुंबाच्या परवानगीनं हे लिहितो आहोत. नावं आणि गाव मात्र सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

दोन खोल्यांचं घर. वडील टेम्पोतून बाजार समितीला भाजी पोचवतात, आई ब्लाउज शिवते. थोरली मुलगी बी.कॉम. झालेली, धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा. दारामागच्या भिंतीवर वर्तमानपत्रातून कापलेलं एक चित्र, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेलं: हवालदार अब्दुल हमीद. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये खेमकरण भागात जीपवरच्या तोफेनं पाकिस्तानी रणगाडे उडवताना शहीद झालेले, परमवीर चक्राचे मानकरी. मुलानं ते सातवीत असताना लावलं होतं. सातारा जिल्ह्यात हे नवल नाही. अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात ते उगाच नाही. त्या बाजूच्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे साडेचारला उभे राहा, अंधारात पळणाऱ्या पोरांच्या बुटांचे आवाज येतात. त्यात मुल्लांचा पोरगा असतो, मोऱ्यांचा असतो, कांबळ्यांचा असतो.

या मुलाला अकराव्या वर्षी पहिला झटका आला. शाळेत, प्रार्थनेच्या रांगेत. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली. "आम्ही दर्ग्यालाही नेलं आणि डॉक्टरकडेही नेलं, खोटं कशाला सांगू," आई म्हणाली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला, अपस्मार आहे म्हणून सांगितलं. ज्याला आपल्या घरांत मिरगी म्हणतात, तोच आजार. सोडियम व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या सुरू झाल्या, सकाळ-संध्याकाळ. चौदाव्या वर्षी, मामाच्या लग्नात दोन रात्री जागरण झाल्यावर, आणखी एक झटका आला. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. त्यानंतर पाच वर्षं एकदाही नाही. मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला, बारावी झाला, कबड्डी खेळला. गोळ्या तांदळाच्या डब्यात असायच्या, वेष्टणातून काढून, एका साध्या बाटलीत.

तांदळाच्या डब्यात का, असं आम्ही विचारलं. आईनं आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे मुलगी मशीनवर बसली होती. "तिचं जमायचंय अजून," आई हळू म्हणाली.

लष्करासमोर खोटं बोलायची वेळ फार नंतर आली. त्याआधी आठ वर्षं हे घर शेजाऱ्यांशी, नातलगांशी, खालाजानशी, अगदी स्वतःशीही खोटं बोलत होतं. मुलाला त्याची सवय लागली होती. 'काही विचारलं तर नाही म्हणायचं' हे त्याला कुठल्या भरती अकॅडमीनं शिकवलेलं नाही, अकॅडमीनं फक्त त्याचा उपयोग केला.

अकॅडमीत तो वर्षभर होता. अग्निवीर भरतीची ऑनलाइन परीक्षा तो पास झाला. १.६ किलोमीटरची धाव त्याला जमत होती, बीमवर दहा पुलअप्स तो काढत होता. राहिलं होतं मैदान आणि मग मेडिकल. तेव्हा त्यानं तिथल्या एका सरांना गोळ्यांचं सांगितलं. सरांनी काही वाईट मनानं सांगितलं नसेल, पण सांगितलं ते असं: आठ दिवस आधी गोळी बंद कर, रक्तात काही सापडत नाही, विचारलं तर 'काही नाही' म्हण, सगळे तेच म्हणतात.

मुलानं घरी येऊन हे आई-वडिलांना सांगितलं. रात्री दोघं बोलले. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. चार वर्षांनी हातात सेवानिधीची रक्कम. २५ टक्क्यांत निवड झाली तर पुढची नोकरी. पाच वर्षांत झटका आलेला नाही, म्हणजे आजार गेलाच असणार. वडील म्हणाले, "बघू या." आईनं तांदळाच्या डब्यातली बाटली काढून कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवली.

पाचव्या दिवशी पहाटे मुलगा मैदानाकडे जाताना रस्त्यावर पडला. बरोबरच्या पोरांनी उचललं. वडील टेम्पो घेऊन पळाले, वाटेत टेम्पोतच दुसरा झटका आला, शुद्धीवर यायच्या आत तिसरा. दोन दिवस तो अतिदक्षता विभागात होता. जीभ चावली गेली होती, खांदा निखळला होता. नशीब, रस्त्याच्या कडेच्या विहिरीपासून तो वीस पावलं अलीकडे पडला. आई हे सांगताना हातानं अंतर दाखवत होती.

परत आल्यावर आम्ही दोन माणसांना भेटलो. एक ओळखीचे मेंदूविकारांचे डॉक्टर, दुसरे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. दोघंही फार बोलणारे नाहीत, पण या विषयावर बोलले.

डॉक्टरांचं पहिलं वाक्य होतं: "पाच वर्षं झटका आला नाही, कारण गोळी होती." ही गोळी आजार उपटून काढत नाही. मेंदूतल्या पेशींचा अचानक उडणारा भडका ती दाबून धरते. ती एकदम थांबवली, तर दाबलेलं सगळं उसळून वर येतं, आणि झटके एकामागून एक येऊ लागतात. मधे शुद्ध येत नाही. यात माणूस दगावू शकतो. काही रुग्णांची औषधं डॉक्टर स्वतः बंद करतात, हे खरं आहे. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ झटका नसेल, आलेख बरा असेल, तर. पण ते काम काही महिने चालतं, मात्रा थोडी थोडी उतरवत. आठ दिवसांत, परीक्षेची तारीख बघून, कधीच नाही.

आम्ही रोजाचं विचारलं, कारण ते घर रमजानच्या तोंडावरच आम्हाला भेटलं होतं. डॉक्टर म्हणाले, सहेरी आणि इफ्तारला बसेल अशी हळूहळू विरघळणारी गोळी काहींना देता येते, काहींना नाही. ते ठरवायचं महिनाभर आधी, चाँद दिसल्यावर नाही. आणि गोळीइतकीच झोप महत्त्वाची. तरावीह आणि सहेरीच्या मधे तुकड्या-तुकड्यानं झोपणाऱ्या रुग्णांना रमजानमध्ये त्रास होतो तो बऱ्याचदा जागरणामुळे.

झोपेचा हा मुद्दा आम्ही सुभेदारसाहेबांसमोर ठेवला, तर ते म्हणाले, "मग तुम्हाला उत्तर मिळालंच की." फौजेत झोप आपली नसते. रात्री दोन ते चार पहारा, हातात भरलेली रायफल, बाजूला झोपलेले दहा जण. सियाचीनसारख्या ठिकाणी श्वासालाच हवा पुरत नाही. बर्फ पडला की वाट बंद, हेलिकॉप्टर उडत नाही, खाली राहिलेली गोळी वर येत नाही. जो जवान पडेल त्याला खाली आणायला चार जवान लागतात, म्हणजे त्या चौक्यांचं बळ पाचनं कमी झालं. "लोकांना वाटतं फौज आजारी माणसाला कमी लेखते. तसं नाही. फौज हिशेब करते."

हा हिशेब एकाच दारावर कडक आहे, हेही त्यांनी सांगितलं. भरती झाल्यावर सेवेत असताना ज्याला आजार होतो, त्याला उद्या घरी पाठवत नाहीत. फौजेत प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी असते, तिला 'शेप' म्हणतात: मन, कान, हातपाय, शरीराची ताकद आणि डोळे, या पाच गोष्टींची इंग्रजी आद्याक्षरं. सगळ्यात पहिला क्रमांक असेल तो 'शेप वन'. आजार झाला तर श्रेणी खाली येते, काम बदलतं, उंचावरची पोस्टिंग टळते, पुढे पुन्हा तपासतात. पण आत येताना मात्र 'शेप वन'च हवा. अपस्माराचा इतिहास असेल तर आत येता येत नाही. मधुमेह असेल तर नाही. दम्याचे वारंवार झटके येत असतील तर नाही. मनाच्या आजाराचा इतिहास असेल तरी तेच.

मग गोळी चालू असलेल्या सगळ्यांनाच दार बंद का? नाही, आणि इथेच अकॅडमीतल्या ऐकीव माहितीनं फार नुकसान होतं. गोळी कशासाठी आहे, यावर सगळं असतं. तापासाठी पाच दिवसांचं प्रतिजैविक घेतलेला मुलगा आणि झटक्यासाठी आठ वर्षं गोळी घेणारा मुलगा एका रांगेत बसत नाहीत. क्षयाचं उदाहरण घ्या. क्षय झाला म्हणजे आयुष्यभरासाठी नाव कटलं, असं आपल्याकडे समजतात. त्या भीतीनं पोरं सहा महिन्यांचा कोर्स मधेच सोडतात, मग तोच क्षय औषधांना दाद देईनासा होतो. प्रत्यक्षात अधिकारी होणाऱ्यांसाठीच्या वैद्यकीय निकषांत लिहिलेलं आहे की फुप्फुसाचा क्षय पूर्ण बरा होऊन, उपचार संपून दोन वर्षांहून जास्त काळ लोटला असेल आणि छातीत ठळक खूण उरली नसेल, तर उमेदवार घेता येतो. म्हणजे ज्यानं कोर्स पूर्ण केला आणि कागद जपून ठेवले, त्याला वाट आहे. ज्यानं लपवलं आणि औषध सोडलं, त्याच्या छातीचा फोटोच सगळं सांगतो.

थायरॉइडची गोळी, मुरुमांची गोळी, ॲलर्जीची गोळी, या सगळ्यांबद्दल आम्हाला वाचक विचारतात. निर्णय वैद्यकीय मंडळाचा असतो, औषध दुकानदाराचा नाही आणि आमचाही नाही. आपण एवढंच करायचं की मेडिकलच्या बरंच आधी आपल्या डॉक्टरांना सांगायचं: मला फौजेत जायचंय, हा माझा आजार आहे, याचा कागद द्या. उलट एक गोष्ट पोरं बिनदिक्कत करतात, तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. धावायच्या आधी वेदनाशामक गोळ्या, कुठून कुठून आणलेली ताकदीची इंजेक्शनं. भरतीच्या जाहिरातीत अशा उत्तेजक औषधांविरुद्ध स्पष्ट ताकीद असते आणि तपासणीही होऊ शकते. आजारासाठी डॉक्टरनं दिलेली गोळी बंद करायची आणि आजार नसताना दुकानातून आणलेली सुरू करायची, हा कुठला न्याय?

कायद्याचंही पाहू, कारण आईच्या पत्रातला पहिला प्रश्न गुन्ह्याचाच होता. वैद्यकीय तपासणीत डॉक्टर छाती, डोळे, कान, दात, गुडघे, तळवे पाहतात, पण मैदानावर प्रत्येकाच्या मेंदूचा आलेख काढत बसत नाहीत. म्हणून विचारतात. अधिकारी होणाऱ्याला तर छापील निवेदनच भरून द्यावं लागतं: दमा, क्षय, फिट किंवा बेशुद्धी, डोक्याला मार, मानसिक आजार, यापैकी काही झालं होतं का? कधी इस्पितळात दाखल होतात का? खाली सही. आपण ज्याला साधा फॉर्म म्हणतो तो शब्द दिल्याचा कागद आहे. भरतीच्या अर्जातल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं नंतर उघड झालं, तर १९५० च्या लष्करी कायद्याच्या कलम ४४ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि उघड होतंच. प्रशिक्षण केंद्रात पहिल्या जागरणात, पहिल्या लांब मार्चमध्ये.

या मुलाच्या काकांनी एक निकाल ऐकला होता. त्यांचं म्हणणं होतं की कोर्टानं फिट येणाऱ्या जवानालाही पेन्शन दिली आहे, तेव्हा आत घुसणं महत्त्वाचं. निकाल खरा आहे, अर्थ मात्र उलटा काढलेला आहे. धरमवीर सिंग नावाचे जवान १९८५ साली सिग्नल्स कोअरमध्ये भरती झाले, सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर झटक्यांच्या आजारामुळे त्यांना घरी पाठवलं गेलं आणि अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भरतीच्या वेळी त्यांच्या कागदांवर असा कुठलाही आजार नोंदलेला नव्हता, आणि मंडळानं तो सेवेमुळे नाही असं म्हणताना कारणं दिली नव्हती, म्हणून संशयाचा फायदा जवानाला. हा निकाल निरोगी म्हणून आत गेलेल्या माणसाची ढाल आहे. ज्याच्या नावाची अकराव्या वर्षापासूनची फाइल साताऱ्याच्या दवाखान्यात आहे, त्याला ती पेलणारी नाही. शिवाय अग्निवीराला पेन्शनच नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख, अशी एकरकमी भरपाई आहे. पण ते अपंगत्व सेवेमुळे आलेलं किंवा सेवेत वाढलेलं हवं. घरून लपवून नेलेला आजार त्यात कसा बसवणार?

हे सगळं घेऊन आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मुलगा या वेळी घरी होता. खांद्याला पट्टा, आवाज अजून थोडा जड. तो आमच्याकडे न बघता म्हणाला, "म्हणजे नाहीच ना?" आम्ही 'नाही' म्हणालो. त्याला खोटी आशा दाखवायला आम्ही आलो नव्हतो, आणि वर्षभर त्याला सगळ्यांनी तेवढीच दाखवली होती. तो उठून बाहेर गेला. वडील त्याच्या मागे गेले नाहीत, तेही तिथेच बसून राहिले. बराच वेळ फक्त शिलाई मशीन चालू होतं.

मग वडील बोलले ते वेगळंच. ते म्हणाले, ड्रायव्हिंगचं लायसन काढताना त्यांनी जो स्वयंघोषणेचा फॉर्म भरला होता, त्यात पहिलाच प्रश्न असा होता की तुम्हाला फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का. "मी 'नाही' लिहिलं, कारण येत नाही. पण कुणी 'येते' असताना 'नाही' लिहून माझ्यासमोरून ट्रक चालवत आला असता, तर मी त्याला शिव्याच दिल्या असत्या. आणि पोराच्या वेळी मीच म्हणालो, बघू या." टेम्पोचालक माणसाला पहाऱ्यावरच्या रायफलीचा मुद्दा आमच्यापेक्षा लवकर कळला होता.

मुलानं काय करावं, हे सांगणं सोपं नाही. फिट येणाऱ्यानं वाहन चालवू नये, उंचावर, उघड्या पाण्याशेजारी, धावत्या यंत्रावर एकट्यानं काम करू नये, हे डॉक्टरांनी सांगितलं. उरलेली कामं थोडी नाहीत. बारावी विज्ञान झालेला मुलगा औषधनिर्माणाची पदविका करू शकतो, प्रयोगशाळेत काम करू शकतो, हिशेब, संगणक, शिक्षण, सगळं करू शकतो. तो ते ऐकून घेतो, मान डोलावतो. एकोणीस वर्षांच्या मुलाला जे हवं होतं त्याच्या बदली दुसरं काही लगेच आवडेल, अशी अपेक्षा आम्हीही ठेवली नाही.

आईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दिलं नाही. तो त्यांचा आणि अल्लाहचा मामला. पण तांदळाच्या डब्याबद्दल मात्र आम्ही बोललो. मुलगा रस्त्यावर पडला तेव्हा बरोबरच्या एकाही पोराला त्याचा आजार माहीत नव्हता. दोघांनी त्याचे हात दाबून धरले, म्हणून खांदा निखळला. एकानं दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला. त्यांना माहीत असतं, तर त्यांनी त्याला कुशीवर वळवलं असतं, डोक्याखाली टॉवेल ठेवला असता, तोंडात काही घातलं नसतं आणि घड्याळ बघितलं असतं: पाच मिनिटांत थांबलं नाही तर थेट दवाखाना. एवढंच असतं ते. पण ते ज्याला करायचंय त्याला आधी माहीत असावं लागतं.

मुलगी तेव्हा मशीन थांबवून म्हणाली, "माझ्यासाठी लपवत होतात ना? मी कधी सांगितलं होतं लपवा म्हणून?" तिच्या आईकडे याचं उत्तर नव्हतं.

ईदनंतर त्यांचं दुसरं पत्र आलं, या वेळी एकच पान. मुलीला एक स्थळ आलं होतं. त्यांना सांगितलं, ते पुन्हा फिरकले नाहीत. महिन्यानं दुसरं आलं, कराडकडचं. त्यांनाही सांगितलं. मुलाच्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की डॉक्टर कोण आहेत, कारण त्यांच्या भाच्यालाही तेच आहे आणि त्याच्या घरचे अजून कांदाच फोडताहेत. बोलणी चालू आहेत.

मुलगा पहाटे पळायला जात नाही. सहाला उठतो, गोळी घेतो, आणि मैदानावर जाऊन उरलेल्या पोरांची वेळ घेतो, हातात वडिलांनी आणून दिलेलं स्टॉपवॉच. अब्दुल हमीदांचं चित्र भिंतीवर आहे तिथेच आहे. गोळ्यांची बाटली आता मिठाच्या बरणीशेजारी, फळीवर असते, वेष्टणासकट.